लावून राहिलो

फ्लास्कमधलं पाणी अजून जांभळं होतं आणि सुशील सरांनी तोटी बंद केली. झालं ते एवढंच. काटोलकडच्या एका बोअरवेलचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आलं होतं आणि त्याचा कठीणपणा मोजणं चालू होतं. रीत सोपी आहे. पाण्यात रंगाचे चार कण टाकले की ते लालसर होतं, मग वरच्या काचेच्या नळीतून त्यात थेंब थेंब द्रावण सोडत जायचं, आणि लालाचा शेवटचा अंश जाऊन निव्वळ निळा उरला की ज्या थेंबाला तसं झालं त्या थेंबाला थांबायचं. लाल आणि निळा यांच्यामध्ये जांभळा येतो आणि तोच घात करतो. घाईत असलेल्या माणसाला तो निळाच दिसतो. विक्की फ्लास्क हलवत होता, सर नळीच्या तोटीवर बोटं ठेवून दुसऱ्या बाजूला उभे होते. विक्की म्हणाला, "निळं होऊन राहिलं, सर." सरांनी तोटी फिरवली आणि आकडा लिहायला घेतला. विक्कीने फ्लास्ककडे पाहिलं, मग सरांकडे. "काहून बंद केलं, सर?" "तूच म्हणालास ना, निळं झालं." "झालं कुठं म्हटलं मी? होऊन राहिलं म्हटलं." सर साताऱ्याकडचे, नागपुरात नवे. ते म्हणाले, "होऊन राहिलं म्हणजे झालं आणि तसंच राहिलं, असंच ना?" "नाही नं सर. होऊन राहिलं म्हणजे अजून होऊनच राहिलं." पलीकडच्या टेबलावरून मेघा ओरडली, "सर, तुमच्यासमोर कोणी जेवून राहिलं, तर त्याचं ताट उचलून न्याल तुम्ही!" सगळे हसले. सरही हसले, विक्कीने नवं पाणी घेतलं, आणि दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा आकडा वाढला. पहिला आकडा चुकीचा नव्हता, तो फक्त लवकर लिहिला गेला होता.

मी शेजारच्या बेसिनपाशी बीकर विसळत होते. नळ चालू होता, तरी मला प्रशिकचा आवाज ऐकू आला. तो दोन शब्द म्हणाला, "लावून राहिलो." मी नळ बंद केला. हे दोन शब्द मला कोणीही सांगितलेले नव्हते, मी ते कुठे वाचलेले नव्हते, आणि तरीही ते मला त्याच्या आवाजात, त्याच्या त्या जरा वैतागलेल्या, मान खाली घालून बोलायच्या लकबीसकट ऐकू आले. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. असल्या ऐकू येण्याला मी पुरावा मानत नाही. पण बीकर फडक्याने पुसताना माझे हात गार पडले होते. मेच्या महिन्यात नागपुरात हात गार पडत नाहीत.

प्रशिक माझा मोठा भाऊ. मागच्या मेमध्ये तो पाठीवर सॅक टाकून एकटाच हिमाचलात गेला. नागपूरच्या माणसाला डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स, आणि तो चढही असा की स्कूटर तिसऱ्या गिअरवर जाते. तरी जाण्याआधी तो रोज पहाटे सॅकमध्ये तांदळाची पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या भरून तिथे चढउतार करायचा. परत आला की ते तांदूळ आईला डब्यात ओतून द्यायचा. "आई, हिमालयातले तांदूळ आहेत, भात चांगला होईन." पहाडातल्या एका स्वस्त हॉस्टेलमध्ये त्याला सुरुची भेटली. पुण्याची, तीही एकटीच आलेली. सगळीकडे हिंदी आणि इंग्रजी चाललेलं असताना मराठी ऐकू आलं म्हणून दोघं बोलायला लागली आणि पुढचे काही दिवस बरोबरच फिरली. मग एका सकाळी दोघं दोरावरून कडा उतरायला गेली. पर्यटकांसाठी तिकडे हा खेळ चालतो. तो मी इतक्यांदा समजून घेतला आहे की आता मला तो डोळे मिटूनही मांडता येतो. कड्याच्या काठावर उभ्या माणसाच्या कमरेला दोन आधार असतात. एक आखूड पट्टा, मागच्या खडकातल्या कडीत अडकवलेला. काठावर वावरताना तोल जाऊ नये म्हणून. दुसरा मुख्य दोर, ज्याच्यावरून उतरायचं. कमरेचा हुक आधी मुख्य दोराला लावायचा आणि मगच मागचा पट्टा सोडायचा. पट्टा पाठीमागे असतो, म्हणून तो दुसऱ्याने सोडून द्यायचा. गाइड दोर धरायला खाली उतरला होता. वर त्याचा जो सोबती असायला हवा होता तो दुसऱ्या घोळक्यापाशी गेला होता. काठावर दोघंच होती. सुरुचीने विचारलं, प्रशिक काहीतरी म्हणाला, तिने त्याचा पट्टा सोडला. हुक लावताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून माणूस आपसूक पट्ट्यावर भार टाकून मागे रेलतो. प्रशिक मागे रेलला.

तो काय म्हणाला, हे आमच्याकडे हिंदीतून आलं. गाइडचा फोन बाबांनी स्पीकरवर टाकला होता. "उसने बोला, लगा लिया. मॅडम ने तभी छोड़ा." लगा लिया. फोन ठेवल्यावर बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "लावला म्हणे." त्या दिवसापासून आमच्या घरात ते वाक्य तसंच राहिलं. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली प्रशिकचा फोटो लागला, आणि मला वाटतं त्या फोटोखाली नावाऐवजी तेच वाक्य लिहिलेलं होतं. लावला म्हणे, अन् लावलाच नव्हता. बाबा वीज मंडळात लाइनमन होते. आयुष्यभर कमरेला पट्टा बांधून खांबावर चढले, वादळात, ऐन उन्हात, आणि उतरले. त्यांना प्रशिकच्या मरणाचं दुःख होतं, पण त्यापेक्षा त्यांना त्याचा राग होता. "अभ्यास केला म्हणे, केला नाही. फॉर्म भरला म्हणे, भरला नाही. सवयच होती त्याले. आपल्या जिवासोबत तरी खोटं बोलू नये माणसानं." हे त्यांनी एकदाच म्हटलं. पण त्यानंतर ते फोटोकडे न बघता हॉलमधून जायला शिकले. सोपं काम नाही ते, आमचा हॉल लहान आहे.

आईचं वेगळं होतं. ती रागावली नाही, ती शोधत बसली. जाताना त्याने मोटरसायकलची चावी मला दिली होती. "चालव तू, माह्याकडं नुसती उभीच राहते." जाण्याआधी त्याने कपाट आवरलं होतं, जे त्याने आयुष्यात आवरलं नव्हतं. परीक्षेत तिसऱ्यांदा नाव आलं नव्हतं आणि त्याबद्दल तो काहीच बोलला नव्हता, उलट हसला होता. एके दुपारी गवार निवडता निवडता आईने मला विचारलं, "प्रीती, त्याले घरी यायचंच नव्हतं का वं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस?" पण तो प्रश्न मलाही पडला होता. मी ताडून पाहिलं होतं. चावी, कपाट, हसणं, सगळं दोन्ही अनुमानांत बसत होतं. बेफिकीर माणूसही असंच वागतो आणि परत न येण्याचं ठरवलेला माणूसही असंच वागतो. एकच निरीक्षण दोन्हीकडे सारखंच जुळत असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, हे मला शिकवलं आहे. आईला कोणी शिकवलेलं नाही. ती रोज त्या दोन्हींच्या मधोमध उठायची, चहा टाकायची, आणि रात्री तिथेच झोपायची.

आणि आता तिसरं अनुमान. लॅबमधून घरी येताना मी ते पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं. तो "लगा लिया" म्हणालाच नसेल. तो सुरुचीशी मराठीत बोलत होता, आणि त्याचं मराठी म्हणजे आमचं मराठी. तो "लावून राहिलो" म्हणाला असेल. लावतोय, थांब. तिला ते लावून झालं असं ऐकू आलं असेल. मग तिने गाइडला आणि गाइडने बाबांना हिंदीत सांगताना त्या वाक्यातला काळ कुठेतरी वाटेत बदलला असेल. जांभळ्याचा निळा झाला असेल. म्हणजे तो खोटं बोलला नव्हता. बेफिकीर नव्हता. त्याला घरी यायचं होतं. तो दोन्ही हातांनी हुक लावत होता. त्या आठवड्यात मला शहरभर तोच शब्द ऐकू यायला लागला. प्रताप नगरच्या चौकात फळवाला म्हणाला, "देऊन राहिलो नं ताई, दोन हात आहेत माह्ये." ऑटोवाला फोनवर, "पोचून राहिलो." शेजारच्या काकू गच्चीवरून, "वाळून राहिल्या वं कुरडया, हात नको लावू." जन्मभर हे ऐकत आले, पण कधी ऐकलं नव्हतं. या शहरात कोणाचंच काही संपलेलं नसतं. सगळे जण काहीतरी करून राहिलेले असतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, यांचं झालं.

पण हे अनुमानच होतं, आणि ते तपासायची एकच जागा होती. सुरुची येणार होती. वर्षभर ती अधूनमधून आईला फोन करायची. सुरुवातीला दोघी नुसत्याच फोन कानाला लावून बसायच्या, हळूहळू बोलायला लागल्या. वर्ष झालं म्हणून आम्ही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला तेव्हा आईने तिला बोलावलं. ती म्हणाली, "काकू, इतक्या लोकांत मला जमणार नाही. मी दुसऱ्या दिवशी येते." मला तिला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. त्याचे नेमके शब्द काय होते? एवढाच. आरशासमोर केस विंचरताना मी तो साध्या आवाजात म्हणून पाहिला. तो साधा होत नव्हता. कारण तो विचारणं म्हणजेच सांगणं होतं. ज्या क्षणी ती ते शब्द पुन्हा उच्चारेल आणि माझा चेहरा बघेल, त्या क्षणी प्रशिक सुटेल आणि ती अडकेल. एका बाजूला आई होती, जी वर्षभर आपल्या मुलाने आपल्याला सोडायचं ठरवलं होतं की काय हे चाचपत होती. दुसऱ्या बाजूला ही मुलगी, जिचा दोष नव्हता, किंवा होता तर तेवढाच जेवढा सुशील सरांचा होता. सरांच्या वेळी नवं पाणी घेता आलं होतं. मी निर्दयी नाही. पण मला माझा भाऊ परत हवा होता, निदान त्याचं वाक्य तरी, आणि त्यासाठी मी विचारणार होते.

कार्यक्रमाला भंतेजी आले, वंदना झाली, वस्तीतली माणसं आली, खीर वाटली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या बसमधून सुरुची उतरली. मी तिला आणायला त्याच्याच मोटरसायकलवर गेले. माझ्या मनातली सुरुची उंच, सराईत, डोंगरातली होती; ही बारीक, चष्मा लावलेली, उन्हाने डोळे बारीक केलेली मुलगी, हातात बाकरवडीची पिशवी. "प्रीती ना? त्याच्यासारखीच आहेस, भुवया." मागे बसल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून गाडीची दांडी धरली. घट्ट धरली असणार, कारण प्रत्येक गतिरोधकाला ती दांडी करकरायची. घरी आईने तिला जवळ घेतलं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. तिने तिला कुलरच्या समोरची खुर्ची दिली. बाबांनी "जय भीम" म्हटलं, प्रवास विचारला, नागपूरचं ऊन कसं वाटतं विचारलं, आणि पेपर उघडला. तो पेपर त्यांनी सकाळीच वाचून संपवला होता. सुरुची फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. प्रश्न माझ्या तोंडात तयार होता, पण कुलरचा पंखा इतका घोंघावत होता की ओरडून विचारावं लागलं असतं, आणि तो ओरडून विचारण्यासारखा प्रश्न नव्हता. मी जेवणानंतरचं ठरवलं. मग वाटलं, ही जेवेल आणि मग मी विचारणार, हे जास्त वाईट आहे. मग वाटलं, मी फक्त लांबवते आहे.

आमरस वाटीत काढून झाला होता. आई आतून म्हणाली, "पोळ्या करून राहिली मी, बसा तुम्ही." सुरुची लगेच उठली, ताटं उचलून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागोमाग. तव्यावर पहिलीच पोळी पडली होती. सुरुची ताटं पुढे करून उभी राहिली. "द्या काकू, मी नेते." आईने वळून पाहिलं. "काय नेते?" "पोळ्या. झाल्या म्हणालात ना?" "कुठं झाल्या बाप्पा? करून राहिली म्हटलं." सुरुचीने जीभ चावली, आणि मग हसली. आल्यापासून पहिल्यांदा. तिचं हसणं मोठं होतं, ताटं वाजली. "सॉरी, काकू. वर्ष झालं तरी मला ते येतच नाही. असाच फसवायचा तो मला! फोनवर म्हणायचा, येऊन राहिलो. मला वाटायचं आला, येऊन थांबलाय. मी हॉस्टेलच्या फाटकात उभी, आणि हा अजून अंघोळीला. मी म्हटलं, तुमच्या नागपुरात कोणी कधी पोचतं की नाही? तर म्हणे, पोचून राहिलो नं वं." तिने ते "वं" थोडं चुकीचं म्हटलं, जरा लांबवून, आणि आईही हसली. आई प्रशिकच्या बोलण्यावर हसली, हे मी वर्षाने पाहिलं. पोळी फुगली होती. आईने चिमट्याने तिची कड दाबली. सुरुची ओट्याला टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, डोळे पुसत बोलत होती. "शेवटपर्यंत तसाच. आम्ही तिथे वर उभे, माझे पाय लटपटतायत. मी विचारलं, लावलंस का रे? तर हा मान खाली घालून, तसाच, 'लावून राहिलो नं वं, घाबरून काहून राहिली?' आणि मी हसत हसतच त्याचा..."

ती तिथे थांबली. तिला ते ऐकू आलं म्हणून नव्हे. पुढचा शब्द उच्चारता येईना म्हणून. मी तिच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते, आणि मला खात्री आहे, तिला ऐकू आलं नव्हतं. ते वाक्य तिच्या तोंडून सबंध, अगदी त्याच्या सुरात बाहेर आलं होतं आणि तिने ते कधीच उघडून पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी त्याचा अर्थ वर्षापूर्वीच ठरून गेला होता. माझा प्रश्न विचारण्याआधीच सुटला होता. मी आईकडे पाहिलं. आईचा चिमटा तव्यावर तसाच होता. पोळीला एक तपकिरी डाग पडला, तो काळा झाला, धूर आला, आणि आई त्या धुराकडे असं बघत होती की जणू त्यात कोणी उभं आहे. तिला कळलं होतं. तिला मला लागला तसा आठवडा लागला नाही, अनुमान लागलं नाही. ती भाषा तिची होती. मला वाटलं, आता ती बोलेल. मला वाटलं, तिने बोलावं. मग आईने गॅस बंद केला, जळकी पोळी बाजूला टाकली, पदराने कपाळ पुसलं, आणि सुरुचीला म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस बेटा. इथे फार गरम होत आहे. मी पोळ्या करते आहे, झाल्या की तुला बोलावते."

ही आईची भाषा नव्हती. म्हणजे होती, पण ती आमच्या शाळेत बाईंना भेटायला जाताना काढायची, ठेवणीतल्या साडीसारखी, आणि घरी आली की पहिल्यांदा उतरवायची. मला आधी कळलंच नाही. "तो शेवटी काय म्हणाला ते मला माहीत आहे," आई सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाली. "त्याने हुक लावला होता. तो हुकच खराब असेल. लोखंडाचं काय सांगता येतं? तू मनात काही ठेवू नकोस." सुरुचीने मान हलवली, ताटं ओट्यावर ठेवली, आणि तोंडावर ओंजळ धरून बाहेर गेली. जेवताना आई तिला वाढत होती आणि मी ऐकत होते. रस देते आहे. पाणी आणते आहे. प्रीती भात वाढते आहे. "राहिली" हा शब्द आईच्या तोंडी एकदाही आला नाही. ज्या बाईला श्वासासारखा तो यायचा, तिने तो सबंध दुपार आत दाबून धरला होता, कारण तो जर पुन्हा पुन्हा त्या मुलीच्या कानावर पडला असता तर कुठल्यातरी वेळी, पाण्याचा पेला तोंडाला लावता लावता, तिला तो कळला असता. एकदा आई "कैऱ्या उकडून रा—" इतकं म्हणाली आणि ठसका लागल्यासारखी खोकली. बाबांनी पेपरवरून पाहिलं. "आज काय झालं वं तुले? साहेबिणीसारखी बोलून राहिली?" मी ताट घेऊन उठले.

सुरुची प्रशिकच्या खोलीत आडवी झाली तेव्हा मी आईला मोरीपाशी गाठलं. ती भांडी घासत होती. मी हळू म्हटलं, "तुले समजलं नं?" तिने कढई पुढ्यात ओढली. "आई, तिले सांगायचं नाही का? वर्षभर आपण काय काय समजून बसलो त्याच्याबद्दल! बाबा त्याच्या फोटोकडं पाहत नाहीत." मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणाचा हे मला नेमकं सांगता येत नव्हतं. आईने कढईच्या काठावरची राख अंगठ्याने चोळली, पुन्हा चोळली. "तिची माय पुण्यात वाट पाहून राहिली असन," ती म्हणाली. एवढंच. मग कढई उपडी घालून ती आत गेली, आणि मी तिथे उभी राहून विचार करत होते की हे खरं उत्तर आहे की नाही. मला अजूनही माहीत नाही. खरं काय ते सांगावं, असं मी मानते. लॅबमध्ये चुकलेला आकडा खोडून, शेजारी बरोबर आकडा लिहून, खाली सही करावी लागते. पण तिथे चुकलेल्या आकड्याला पुण्याला परत जायचं नसतं.

संध्याकाळी मी सुरुचीला बसवर सोडलं. ऊन उतरलं होतं, रस्त्याची वाफ अजून येत होती. तिच्या पिशवीत आईने कुरडया, सांडगे आणि प्रशिकचा एक जुना टी-शर्ट घातला होता. बस लागली तेव्हा ती पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "चल, मी जाऊन राहिले. बरोबर ना? असंच म्हणता ना तुम्ही?" तिचा चेहरा सकाळपेक्षा मोकळा होता. मी म्हटलं, "बरोबर." ते पूर्ण बरोबर होतं. शब्द बरोबर, काळ बरोबर. ती जात होती आणि अजून गेली नव्हती. मला एकदम भीती वाटली. तिला आता हे रूप वापरता येतंय. म्हणजे कधीतरी, पुण्यात, कपडे वाळत घालताना किंवा कोणाच्या लग्नात, तिला ते दोन शब्द आठवतील आणि ती त्यांचा अर्थ नव्याने लावेल, आणि तेव्हा जवळ आम्ही कोणी नसू. बस हलली. तिने खिडकीतून हात केला. मी हात करत राहिले, आणि बस दिसेनाशी झाल्यावरही माझा हात वरच होता, असं शेजारच्या पानवाल्याच्या बघण्यावरून माझ्या लक्षात आलं.

घरी आले तेव्हा बाबा मागच्या अंगणात कुलरमध्ये पाणी भरत होते. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात नळी, नजर पाण्याच्या पातळीवर. आई पायरीवर बसली होती. पदर उंबऱ्यावर पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. मी मागे दारात थांबले.

"ऐकून राहिले का," आई म्हणाली. तिची भाषा परत आली होती. "लावून राहिला होता तो."

बाबांनी वर पाहिलं नाही. "कोण म्हणते?"

"तोच म्हणे. पोरीनं विचारलं, लावलं का. तर म्हणे, लावून राहिलो."

नळीतलं पाणी टाकीत पडत होतं. बाबांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ते दोन शब्द म्हणून बघत होते हे मला दिसलं. खांबावर चढलेल्या माणसाला खालून कोणी "लाइन बंद करून राहिलो" म्हणालं, की वरचा माणूस हात आखडून घेतो. हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी एकदम आत, हॉलच्या दिशेने पाहिलं. तिथून फोटो दिसत नाही, पण ते तिकडेच बघत होते.

"अन् तिनं सोडलं," ते म्हणाले.

"हाव."

"तिले मालूम आहे?"

"नाही."

"प्रीतीले?"

"तिले आहे." आईने मागे वळून न बघता सांगितलं.

कुलरची टाकी भरली होती. पाणी काठावरून उतरून बाबांच्या पायांवर पडत होतं, चपला भिजत होत्या. मी नळ बंद करायला पुढे झाले, तर त्यांनी मोकळा हात आडवा केला.

"राहू दे," ते म्हणाले.